नऊ वर्षांची दुर्गा : कल्याणच्या आनंदीबाई जोशी

घरोघरी घट बसले आहेत. देव्हाऱ्यातील नंदादीप अहोरात्र तेवतो आहे, आणि अष्टमीच्या कुमारिकापूजनासाठी कोणाकोणाच्या मुलींना बोलवायचे याची बोलणी सासवा-सुनांमध्ये सुरू झाली असतील. या पूजेचे विधान देवीभागवतात आले आहे. तेथे वयपरत्वे कुमारिकांना निरनिराळी नावे दिली आहेत. दोन वर्षांची ती कुमारिका, तीन वर्षांची त्रिमूर्ती, चार वर्षांची कल्याणी, अशी ही मालिका दहा वर्षांच्या सुभद्रेपर्यंत जाते. त्यात नऊ वर्षांच्या मुलीचे नाव आहे दुर्गा. कठीण कार्य सिद्धीस जावे म्हणून तिचे पूजन करावे, असे तेथे सांगितले आहे.

यंदाच्या नवरात्रात जे आख्यान आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत, ते अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीचे आहे. ते कोणत्याही पुराणातले नव्हे. दुर्गाडीच्या देवीच्या दर्शनाला ज्या कल्याण शहरात या दिवसांत माणसांची रीघ लागते, त्याच कल्याणातले, दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. कीर्तनाच्या निमित्ताने ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे आमचे वरचेवर येणे होते, आणि उत्तररंगात हे आख्यान लावले की सभामंडपात जी शांतता पसरते, ती द्रौपदीवस्त्रहरणाच्या वेळीही पसरत नाही.

डॉक्टर आनंदीबाई जोशी हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली निघाली आणि घराघरांत वाचली गेली. पुढे त्या कथेवर नाटक झाले, २०१९ साली चित्रपट आला. त्यामुळे परदेशी जाऊन वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री, एवढे लहान मुलेही सांगतात. पण या पदवीच्या आधी एक मार खाणारी पोर होती, आणि एक मूल गमावलेली आई होती. आई झाली तेव्हा तिचे वय आजच्या आठवी-नववीतल्या मुलीएवढे होते. आमचे आख्यान त्या मुलीचे आहे.

तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे जुने जमीनदार. परंतु घराण्याचे वैभव ओसरत चालले होते. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोहोचली होती. नव्या काळाची शिटी रोज कानांवर पडत होती, मात्र वाड्यातील वहिवाट जुनीच होती. या मुलीला आईचे प्रेम फारसे लाभले नाही. मोठेपणी तिने स्वतःच लिहून ठेवले आहे की आई कधी मायेने बोलली नाही, आणि शिक्षा करताना काठी, दगड, एवढेच काय पण जळता कोळसाही हाती घेई. आपल्याकडे मातेला देवाच्या जागी मानतात. ते मानावेच. पण मातृपद मिळाले म्हणजे हाती कोळसा घेण्याचा अधिकार मिळाला, असे कोणत्याही स्मृतिकाराने लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

१८७४ साली, नऊ वर्षांची असताना, तिचे लग्न झाले. वर गोपाळराव विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर, आणि वधूहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. गृहस्थ विलक्षण होते. त्यांनी लग्नाला एकच अट घातली : मुलीला शिकवण्यास कोणी आडकाठी करता कामा नये. ज्या काळी बाई लिहू-वाचू लागली तर नवरा मरतो अशी समजूत होती, त्या काळातली ही अट. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि पाटी-पेन्सिल हाती आली.

आता या शिक्षणाचे दुसरे अंग सांगितले पाहिजे. पतीने शिकवले हे खरे, आणि पतीने मारले हेही तितकेच खरे. अभ्यास सोडून एकदा ती स्वयंपाकघरात आजीला मदत करताना सापडली म्हणून गोपाळरावांनी तिला बदडून काढले, अशी हकीकत सांगतात. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे पुरुष शेजारपाजारच्यांनी पुष्कळ पाहिले होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा त्यांनी प्रथमच पाहिला. या गोष्टीवर सभेत हशा पिकतो. आम्ही तो पिकू देतो आणि मग विचारतो, मायबाप हो, ज्या पाठीवर वळ उठले त्या पाठीला कारणाने काही फरक पडला असेल का?

टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले. अलिबाग झाले, कोल्हापूर झाले, मुंबई झाली, कच्छातले भूज झाले, पुढे बंगाल. अलिबागेस मुलीच्या सोबतीला तिची आजी गेली होती. चरित्रातली ही बारीकशी गोष्ट. पण मार खाणाऱ्या पोरीच्या बिऱ्हाडात एक आजी असणे याचा अर्थ ज्यांनी आजी पाहिली आहे त्यांना निराळा सांगावा लागत नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित जगता, असे तिला वाटले, आणि ते शल्य अखेरपर्यंत राहिले. आपल्याकडे दहा दिवस सोयराचे, अकरावा शुद्धीचा, बाराव्या दिवशी बारसे. त्या बाळाचे नावसुद्धा ठेवले गेले नसेल.

येथे संस्कृतचा एक विद्यार्थी म्हणून आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. या बाळाचा मृत्यू नशिबाने झाला म्हणणारे पुष्कळ होते. परंतु सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्पष्ट सांगून ठेवले आहे की सोळा वर्षांखालील मुलीला पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून गर्भ राहिला तर तो उदरातच दगावतो, जन्मला तरी फार जगत नाही, आणि जगला तर दुबळा राहतो. यास्तव कोवळ्या मुलीच्या ठायी गर्भाधान करू नये. हे वचन इंग्रजी विद्येतून आलेले नाही, सुधारकांनी घुसडलेले नाही. काशीच्या परंपरेतील शल्यविद्येच्या आद्य ग्रंथातले ते आहे. ग्रंथ घरात होता, त्याला गंधफूल वाहिले जात होते, आणि पोरी मरत होत्या. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठरवले होते. ते बारावर नेण्याचा कायदा १८९१ साली आला तेव्हा धर्म बुडाल्याची हाकाटी पुण्यात झाली. त्या वेळी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातलेच आधार देऊन त्या कायद्याची बाजू मांडली. पण तोपर्यंत आनंदीबाईंना जाऊन चार वर्षे झाली होती.

बाळ गेल्यावर काय झाले, तेच या आख्यानाचे मर्म आहे. तोवर शिकणे ही नवऱ्याची हौस होती, नव्हे, नवऱ्याची जबरदस्ती होती. काठीच्या धाकाने ती अक्षरे गिरवत होती. आता तिने स्वतःहून ठरवले की वैद्यक शिकायचे. आपल्या बायका पुरुष वैद्यापुढे दुखणे उघड करीत नाहीत, त्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना स्त्री वैद्य हवी. आणि ती आपण व्हायचे. महाविद्यालयात प्रवेश मागताना तिने जे कारण दिले त्याचा आशय हाच होता. दुसऱ्याने लादलेली विद्या त्या दिवसापासून तिची स्वतःची झाली.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा होती. ती यांना मान्य नव्हती. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो १८८० साली वाचला. कोठे वाचला? दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना. योगायोग म्हणा किंवा जगदंबेची योजना म्हणा. त्यांनी पत्र पाठवले, इकडून उत्तर गेले, आणि पाहता पाहता कल्याणच्या मुलीला सातासमुद्रापलीकडे एक मावशी मिळाली. ‘मावशी’ हा शब्द आमचा नव्हे. आनंदीबाई त्यांना तेच म्हणत. आईने जे दिले नाही ते मावशीने दिले, असे आम्ही कीर्तनात म्हणतो, आणि आया-बायांच्या पदराची टोके डोळ्यांकडे जातात.

परदेशगमनाची वार्ता फुटताच गहजब झाला. गोपाळराव त्या वेळी बंगालमधील श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, आनंदीबाईंनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. आपण का जातो, एकट्या का जातो, परतल्यावर ज्ञाती वाळीत टाकील त्याचे काय, अशा एकेका आक्षेपाला त्यांनी क्रमाने उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, अशी प्रतिज्ञा केली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज निघाले. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला त्या न्यू यॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेचल बॉडली या अधिष्ठाता होत्या. त्यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. थंडी कडाक्याची, आहार शाकाहारी, अंगावर लुगडे, आणि प्रकृती आधीपासूनच पोखरलेली. १८८५ सालचे एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल : जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि मध्ये-शेजारी न शोभणारी अशी एकही नाही, तिघी आपापल्या देशाच्या वेषात ताठ बसल्या आहेत. आनंदीबाईंचे डोळे त्या चित्रात पाहावेत. त्यांत धाक नाही.

पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जुने आयुर्वेदाचे ग्रंथ आणि नवी अमेरिकन पुस्तके या दोहोंचा आधार त्यांनी घेतला. जगातल्या हजार विषयांतून या मुलीने बाळंतपण निवडले. का निवडले, हे ज्याला कळत नसेल त्याने त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण करावी.

याच अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी नवऱ्याला एक पत्र लिहिले. आमच्या मते पदवीहूनही त्याचे मोल अधिक आहे. आपली वागणूक बरी होती की वाईट हे सांगणे कठीण, असे त्या म्हणतात. हेतूकडे पाहिले तर ती योग्यच म्हणावी लागेल. पण कोवळ्या मनावर झालेला परिणाम पाहिला तर ती चूकच होती. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या व पुस्तके अंगावर फेकणे आणि टाकून देण्याची धमकी देणे, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा करणे, ही त्या त्या वयाला न झेपणारी होती, असा हिशेबच त्यांनी मांडला आहे. त्यात शिव्याशाप नाहीत, रडगाणेही नाही. उपकार मान्य केले आहेत, आणि अपकारही नेमके मोजले आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला जे बोलता आले नसते ते विशीतल्या विदुषीने लेखणीने बोलून दाखवले.

पुष्कळ वेळा कीर्तन संपल्यावर एखादे वयस्कर गृहस्थ जवळ येऊन म्हणतात, ‘बुवा, मारले म्हणूनच ती घडली.’ आम्हांस हे मान्य नाही. गोपाळरावांना आम्ही खलनायक करीत नाही. लोकनिंदा सोसून पत्नीला शिकवणारा तसा पुरुष त्या काळी विरळाच. परंतु मार हे त्या शिक्षणाचे कारण नव्हते, ती त्या शिक्षणाची किंमत होती, आणि ती ज्याने वसूल केली त्याने भरली नाही. काठीने पाठांतर होते. बाळंतिणींसाठी जीव तळमळणे काठीने येत नाही. ते त्या पोरीच्या आतून आले. ज्यांना पटत नसेल त्यांनी बृहदारण्यक उपनिषद उघडावे. आपल्याला पंडिता कन्या व्हावी अशी इच्छा असणाऱ्या दांपत्याने काय करावे, ते तेथे सांगितले आहे. तिळातांदळाचा भात शिजवून, त्यावर तूप घालून दोघांनी खावा, एवढेच आहे. काठीचा उल्लेख नाही.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोहोचले होते. पंडिता रमाबाईही समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम आनंदीबाईंना देऊ केलेले होते. पण छातीत क्षय घर करून बसला होता. त्या मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापुरातल्या एकाही बाळंतिणीला त्यांचा हात लागला नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या मावशीच्या घराण्याच्या स्मशानभूमीत, विसावली.

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे, आता तसे काही नाही, असे म्हणून पान उलटण्याची घाई करू नये. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांत एक. त्या सगळ्या दूर डोंगरात राहत नाहीत. उल्हास नदीच्या अलीकडे-पलीकडे, खाडीकाठच्या चाळींत, वीटभट्ट्यांवर, आणि आपल्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या घरातही त्या आहेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतील मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि लग्न लावणारा पुरोहितही त्यात अपराधी ठरतो. दोन वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आमच्या भिक्षुक बंधूंनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. दक्षिणा देताना यजमान मुलीचा जन्मदाखला दाखवत नसेल तर अंतरपाट धरू नये.

आणि जी मुलगी कमी वयात आई होऊन बसली आहे, तिचे काय? घरचे तिला कोंडतात, मारतात, पोलिसांच्या भयाने दवाखान्यातही नेत नाहीत. असे करू नये. अत्याचाराला बळी पडलेल्या अशा मुलीवर तातडीचे उपचार विनामूल्य करणे सरकारी व खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. कल्याणात रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगर आहे. घरात मार चालू असेल तर शेजाऱ्यानेसुद्धा १०९८ हा क्रमांक फिरवावा. तो मुलांच्या मदतीसाठीच ठेवलेला आहे. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, हा विचार त्या वेळी देवापुढे ठेवावा.

अशा मुलीच्या मुलाला नाव कोणाचे, असा प्रश्न हमखास येतो. छांदोग्योपनिषदात सत्यकामाला हाच प्रश्न पडला होता. गुरुगृही जाण्यापूर्वी त्याने आईला गोत्र विचारले. तरुणपणी घरोघरी राबताना तू मला झालास, गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला आणि तुझे सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल म्हण, असे ती निःशंकपणे म्हणाली. गौतम ऋषींनी तो खरे बोलला एवढ्यावरून त्याला जवळ केले. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, तेव्हा काहींनी नाके मुरडली. जाबालाला ते विशेष वाटले नसते.

शाळा मध्येच सुटली तर वाट बंद होत नाही. दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. लोक त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अडते ते निराळ्याच ठिकाणी. फॉर्म भरलेला असतो, पुस्तके आलेली असतात, पण तान्हे मूल मांडीवर असते आणि ते दोन तास धरायला कोणी नसते. अलिबागच्या बिऱ्हाडात आनंदीला आजी होती. आमच्या श्रोतृवर्गात निम्म्या आज्याच असतात, म्हणून हे त्यांच्यासाठी सांगतो. यंदा देवीची ओटी भरून झाली की दुसरी ओटी अशा एखाद्या मुलीची भरावी. खण, नारळ, तांदूळ, आणि त्यात परीक्षेच्या शुल्काचे पैसे. आणि दुपारची पोथी वाचायची ती तिच्या खोलीवर जाऊन वाचावी. बाळ पायांवर घ्यावे, ते झोपते. आणि ती पलीकडे बसून गणिते सोडवील.